लुमेरी

पेंटर त्या वर्गात लिहायला गेलाच नव्हता, तो गेला होता पाटी रंगवायला. वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर नवा वर्ग सुरू व्हायचा होता आणि त्याच्या दारावर 'लेखनवर्ग' अशी सुबक अक्षरं हवी होती. हाताने अक्षरं काढणारा आता त्या शहरात तो एकटाच उरला होता. बाकीचे सगळे मशीनवर छापलेलं प्लास्टिक चिकटवत आणि त्यालाच पाटी म्हणत. पेंटरला त्याचा राग येई, पण रागाने काही पोट भरत नाही.

रंग दिला की तो वाळेपर्यंत राखण करायची ही त्याची जुनी पद्धत. ओला रंग दिसला की माणसाचं बोट आपोआप पुढे होतं. लहानाचंही होतं आणि चांगल्या सुटाबुटातल्याचंही. म्हणून तो वर्गातच शेवटच्या खुर्चीवर बसला आणि येणाऱ्या प्रत्येकाला "दार ओलं आहे, हात लावू नका" असं बजावत राहिला. शेवटी शिकवणाऱ्या बाई आल्या. त्यांनी सगळ्यांना कागद वाटले तसा त्यालाही एक दिला. "अहो, मी तर..." एवढंच तो बोलला, तोवर त्या फळ्याकडे वळल्याही होत्या. आलिया भोगासी म्हणून तो बसून राहिला.

बाईंचं सगळं आयुष्य दुभाषी म्हणून गेलं होतं. मोठमोठ्या सभांमध्ये काचेच्या खोलीत बसून एकाचं बोलणं दुसऱ्याच्या भाषेत सांगायचं. वर्गात सगळे त्यांना दुभाषीबाईच म्हणत. त्यांची शिकवायची तऱ्हा अगदी सोपी होती. परक्या भाषेतला एखादा शब्द फळ्यावर लिहायचा, जो आपल्याकडे एका शब्दात सांगताच येत नाही. त्याचा अर्थ समजावायचा, आणि मग तो शब्द न वापरता त्यावर काहीतरी लिहायला लावायचं.

पहिल्या दिवशी त्यांनी लिहिलं, 'कोमोरेबी'. जपानी शब्द. झाडाच्या पानांतून गाळून खाली येणारं ऊन. पेंटरने आधी मनातल्या मनात तो शब्द रंगवून पाहिला. मग त्याला बसथांब्यावरची एक पाटी आठवली. ती रंगवताना वरच्या झाडाची सावली अक्षरांवर अशी हलत होती की काठ कुठला आणि सावली कुठली ते कळेना, आणि वैतागून ब्रश खाली ठेवून तो नुसता बघत बसला होता. हे त्याने चार ओळींत लिहिलं. बाईंनी ते वाचलं, चष्मा काढला आणि म्हणाल्या, "पुढच्या आठवड्यात या."

"पाटी तर झाली माझी," पेंटर म्हणाला.

"तरी या."

आणि पेंटर जाऊ लागला. वर्गात पोस्टातली एक बाई होती. ती भरभर लिहायची आणि त्याहून भरभर बोलायची. एक भूलतज्ज्ञ डॉक्टर होते. त्यांच्या गोष्टी ऐकताना लोकांना खरोखरच गुंगी येई, आणि याचं त्यांना स्वतःलाच हसू यायचं. एकदा बाईंनी स्वीडनमधला एक शब्द दिला, पाण्यावर चंद्राच्या उजेडाची वाट पडते तिचा. एकदा पुन्हा जपानी, 'त्सुंदोकु', म्हणजे पुस्तकं विकत आणायची आणि न वाचता रचून ठेवायची. त्यावर डॉक्टर म्हणाले, "या आजाराला नाव आहे हे मला आज कळलं." पेंटरला हे सगळं आवडत होतं. आयुष्यभर त्याने दुसऱ्यांचे शब्द रंगवले होते. गिऱ्हाईक देईल ते, देईल तसं. स्वतःचं म्हणून एक वाक्य कधी लिहिलं नव्हतं.

घरी मात्र त्याने यातलं काही सांगितलं नाही. बायकोला वाटायचं, वाचनालयाचं काहीतरी लांबलेलं काम चालू आहे. तिने विचारलं नाही आणि तो बोलला नाही. त्या घराची रीतच तशी झाली होती. भांडणं होती असं नाही. भांडायलासुद्धा बोलावं लागतं. दूध आलं का, किल्ली कुठे आहे, दिवा बंद करा, एवढ्यावर त्यांचा संसार वर्षानुवर्षं चालला होता. बायको बाहेरच्या खोलीत कपडे दुरुस्त करायची, चेन बसवायची, उंची कमी-जास्त करायची. शेजारच्या छोट्या खोलीत तिचे कापडाचे तुकडे आणि याचे रंगाचे डबे दाटीवाटीने राहत होते.

ती खोली एकेकाळी त्यांच्या मुलीची होती. घरात तिला पिटुकली म्हणत. शाळेचं तोंड बघायच्या आधीच ती दुखणाईत पडली आणि मग गेली. त्यानंतर तिचा विषय दोघांपैकी कुणीही काढला नव्हता. तसं ठरवलं नव्हतं, पण पाळलं मात्र ठरवल्यासारखं. पेंटरला एका गोष्टीची कायम भीती होती, की हा विषय निघाला तर जे काही उरलंय तेही टिकायचं नाही.

एके दिवशी दुभाषीबाई म्हणाल्या, "आता पुरे झाले माझे शब्द. पुढच्या वेळी प्रत्येकाने एकेक शब्द आणायचा. परक्या भाषेतला, आणि आपल्याकडे नसलेला."

पेंटरला घाम फुटला. त्याला एकच भाषा येत होती. परक्या लिपीतल्या पाट्या त्याने रंगवल्या होत्या, पण त्या चित्र उतरवावं तशा. शेवटी त्याने टर्पेंटाइनच्या एका परदेशी डब्यावरून एक भारदस्त शब्द टिपून घेतला आणि वर्गात ऐटीत फळ्यावर काढला. अक्षरं अशी देखणी, की पोस्टातल्या बाईने "वा!" म्हटलं.

दुभाषीबाईंनी ते वाचलं. त्यांच्या ओठांचा कोपरा हलला. "पेंटर, याचा अर्थ 'झाकण घट्ट लावा' असा आहे."

वर्ग खो-खो हसला. हसण्यात वाईट काही नव्हतं, पण पेंटरचे कान तापले. आता काय, म्हणून सगळे त्याच्याकडे बघत होते, आणि त्या क्षणी त्याच्या तोंडून भलतंच निघून गेलं. "दुसरा आहे माझ्याकडे. लुमेरी."

"लुमेरी," बाईंनी जिभेवर घोळवून पाहिला. "अर्थ?"

"म्हणजे..." पेंटर थांबला. इतक्या वर्षांत हा शब्द त्याने स्वतःच्या आवाजात ऐकला नव्हता. "आपण अंथरुणात असतो. झोप येत असते. शेजारच्या खोलीत आपली माणसं हळूहळू बोलत असतात. शब्द कळत नाहीत, पण बोलणं चालू आहे एवढं कळतं. ते ऐकणं. ते ऐकत झोपी जाणं."

वर्गात कुणी हसलं नाही. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं.

"कुठल्या भाषेतला?" बाईंनी विचारलं.

झालं. आता आपल्या घरचा आहे असं सांगायचं, तर पुढचं सगळं सांगावं लागलं असतं. "एका बेटावरची भाषा आहे," तो म्हणाला. "लहानसं बेट आहे. फार कुणाला माहीत नाही."

"किती लोक बोलतात?"

"बोलणारं आता कुणी नाही. समजणारे दोघं आहेत."

बाईंनी खडू उचलला. मग त्यांनी तो शब्द फळ्यावर लिहिला आणि सगळे माना खाली घालून लिहू लागले. त्या दिवशी पोस्टातल्या बाईने आपल्या वडिलांचं पत्ते खेळणं लिहिलं. हरल्यावर ते हळू आवाजात कसे भांडत, कारण पोरं झोपलेली असत. डॉक्टरांनी लिहिलं, की भूल देताना माणूस पुरता गुंगण्याआधी मी मुद्दाम नर्सशी काहीतरी साधंसुधं बोलत राहतो, घरचं, भाजीचं. का ते मला आजवर कळलं नव्हतं. त्यांची गोष्ट ऐकताना पहिल्यांदाच कुणाला गुंगी आली नाही.

पेंटरला लाज वाटली. चोरी केल्यासारखी लाज, आणि तीही आपल्याच घरात. पण खरं सांगायचं तर त्याला आनंदही झाला. पिटुकलीचा शब्द चारचौघांच्या तोंडी खेळत होता. जिन्यातून उतरताना पोस्टातली बाई डॉक्टरांना म्हणाली, "आज जाऊन लुमेरी ऐकत झोपते बघा." आणि पेंटर जिन्यात कठड्याला धरून उभा राहिला.

पुढे व्हायचं तेच झालं. वाचनालयाच्या वर्धापनदिनाला वरच्या मजल्यावरच्या बोळातल्या भिंतीवर हे सगळे शब्द रंगवायचे ठरले. शब्द, भाषा आणि अर्थ. रंगवणार कोण, हे काही विचारायला नको होतं. पेंटरने भिंत घासली, पांढरा हात दिला, खडूची दोरी मारून रेघा आखल्या आणि कामाला लागला. लुमेरीची ओळ त्याने सगळ्यांत खाली घेतली. शब्द रंगवला, अर्थ रंगवला, पण भाषेच्या रकान्यात हात अडला.

"बेटाचं नाव काय म्हणालात?" बाईंनी जाता जाता विचारलं.

"विचारून सांगतो."

"कुणाला?"

"त्या दुसऱ्या माणसाला," पेंटर म्हणाला. आयुष्यात त्याने पाटीवर खोटं लिहिलं नव्हतं असं नाही. 'सर्वांत स्वस्त' आणि 'अस्सल' हे शब्द त्याने शेकड्यांनी रंगवले होते. पण ते गिऱ्हाइकाचं खोटं होतं. हे त्याचं स्वतःचं होतं, आणि पिटुकलीच्या शब्दापुढे लिहायचं होतं. ते त्याच्याने होईना.

दोन दिवसांनी दुपारी तो स्वयंपाकघरात कप विसळत होता. बाहेरच्या खोलीत कुणीतरी गिऱ्हाईक आलं होतं. बायकांचं बोलणं नळाच्या आवाजात मिसळून येत होतं, शब्द काही कळत नव्हते. मग त्याने नळ बंद केला आणि आवाज ओळखला. पोस्टातली बाई होती. तिच्या जाकिटाची चेन बिघडली होती, आणि ती दुरुस्त होईपर्यंत गप्प बसणं तिच्या कुंडलीत नव्हतं.

"म्हणजे पेंटर तुमचे मिस्टर? अय्या! सांगितलं नाही कधी त्यांनी! अहो, काय सुंदर शब्द आणला त्यांनी वर्गात. लुमेरी! आमच्या घरी तर आता पोरंसुद्धा म्हणतात."

शिवणयंत्र थांबलं.

पेंटरच्या हातात ओला कप होता. तो खाली ठेवायचंही त्याला सुचेना. मग बायकोचा आवाज आला, अगदी नेहमीचा. "चेन बदलावीच लागेल. परवा न्या."

पोस्टातली बाई गेली. पेंटर दारात येऊन उभा राहिला. बायकोने वर पाहिलं नाही. तिने यंत्र सुरू केलं. त्याखाली कापड नव्हतं. सुई रिकामीच वरखाली होत राहिली. तो परत आत गेला. त्या संध्याकाळी ती किल्लीबद्दलही बोलली नाही. संपलं सगळं, असं पेंटरला वाटलं. जे इतकी वर्षं जपलं, ते आपण एका वर्गात चार टाळ्यांसाठी उधळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो भिंतीपाशी गेला, पण ब्रश काही हातात घेतला नाही. स्टुलावर बसून त्या रिकाम्या जागेकडे बघत राहिला. जिन्यात पावलं वाजली. त्याला वाटलं, बाई असतील. बायको होती. घरातल्याच कपड्यांवर आली होती, आणि कापड मोजायची फीत गळ्यात तशीच राहिली होती.

ती भिंत वाचत गेली. वरून खाली, एकेक ओळ. शेवटच्या ओळीपाशी थांबली. पेंटर उभा राहिला. शिव्या ऐकायची त्याची पूर्ण तयारी होती.

"चुकलंय," ती म्हणाली.

"हो. मी सांगायला नको होतं. माझ्या तोंडून..."

"ते नाही हो. अर्थ चुकलाय. 'बोलणं ऐकणं' काय? ऐकण्याला कुठे ती लुमेरी म्हणायची? आठवा जरा. काय म्हणायची?"

पेंटरला आठवलं. पांघरुणातून बाहेर आलेला हात आठवला आणि हुकूम सोडावा तसा तो आवाज. "'लुमेरी करा ना,' म्हणायची."

"मग? तुम्ही दोघं बाहेर जा आणि बोलत बसा, म्हणजे मी झोपेन. ते आपल्याला सांगायची ती. लुमेरी आपण करायची होती." तिने त्या ओळीवर बोट ठेवलं. "तिचं काम नुसतं झोपायचं होतं. आपलं काम होतं बोलायचं."

जिन्याच्या तोंडाशी दुभाषीबाई येऊन थांबल्या होत्या. दोघांचंही तिकडे लक्ष नव्हतं.

"त्या दिवशीसुद्धा म्हणाली होती," बायको म्हणाली.

याच गोष्टीला तो इतकी वर्षं भीत आला होता. त्या संध्याकाळी तो डॉक्टर आणायला धावला होता आणि परत आला तेव्हा सगळं आटोपलं होतं. पिटुकलीने त्याचा आवाज शोधला असेल आणि तो तिला सापडला नसेल, हे त्याच्या मनात रुतून बसलं होतं. त्याने ते कुणाला सांगितलं नव्हतं. सांगणार तरी कुणाला?

"मी नव्हतो," तो कसंबसं म्हणाला.

"तुम्ही नव्हता, म्हणून मी बाहेर जाऊन दोघांचंही बोलले."

"म्हणजे?"

"म्हणजे काय? माझं मी बोलायचे, मग आवाज जाडा करून तुमचं बोलायचे. 'अगं, ती निळ्या रंगाची पाटी उद्या द्यायची आहे.' 'मग द्या की, मला काय सांगता.' असं. वेड्यासारखी एकटीच बोलत बसले होते भिंतीशी."

"तिला कळलं?"

"कळलं असेल. हुशार होती ती. आतून हसल्याचा आवाज आला." तिने फितीच्या टोकाने डोळे पुसले. "पण मध्येच थांबवलं नाही तिने. झोपली. तुम्ही घरात असल्यासारखीच झोपली."

पेंटर मटकन स्टुलावर बसला. मोठ्या माणसाने भर दिवसा वाचनालयात असं रडू नये म्हणतात, पण तो रडला. बायको बाजूला उभी राहून त्याच्या खांद्यावरचा वाळलेला रंग नखाने खरवडत राहिली.

बऱ्याच वेळाने त्याला दुभाषीबाई दिसल्या. तो गडबडीने उठला. "बाई, बेट खोटं आहे. तसलं बेट कुठे नाही."

"आणि शब्द?" बाईंनी विचारलं.

"शब्द खरा आहे," बायकोने परस्पर सांगून टाकलं. "बेट तेवढं यांनी घातलं. यांना कुणी विचारलं की यांचं असंच होतं."

बाई हसल्या नाहीत. "मग भाषेच्या जागी काय लिहायचं ते तुम्ही दोघं ठरवा," म्हणाल्या. "समजणारे तुम्हीच आहात." आणि त्या आपल्या वर्गात गेल्या. जाताना दार त्यांनी हळूच लावून घेतलं.

पेंटरने फडकं टर्पेंटाइनमध्ये बुडवलं आणि जुना अर्थ पुसून काढला. चुकीमुळे पाटी पुसायची वेळ त्याच्यावर उभ्या जन्मात आली नव्हती. बायको सांगत गेली आणि तो रंगवत गेला. एकदा तिने "घाई करू नका" म्हटलं, एकदा "तिथे अक्षरांत अंतर जास्त वाटतंय" म्हटलं. दुसऱ्या कुणी अंतराबद्दल बोलायची हिंमत केली असती तर पेंटरने त्याच्या हातात ब्रश दिला असता. भिंतीवर आता असं होतं : मूल झोपावं म्हणून शेजारच्या खोलीत घरच्यांनी बोलत राहणं.

"आणि भाषा?" त्याने विचारलं.

ती त्याच्याकडे बघत राहिली, इतक्या साध्या गोष्टीला विचारायचं काय असतं, अशा नजरेने. "पिटुकलीची," ती म्हणाली.

त्याने ते रंगवलं. अक्षरं सरळ आली. रंग वाळेपर्यंत दोघं तिथेच बसून राहिले, आणि एका शाळकरी मुलीचं बोट पुढे होताच दोघांनीही एकदमच "ओलं आहे!" म्हणून सांगितलं.

संध्याकाळी घरी आल्यावर बायकोने छोट्या खोलीतले रंगाचे डबे आणि कापडाचे तुकडे एका बाजूला सारले. दार सताड उघडं ठेवलं. मग बाहेरच्या खोलीत येऊन यंत्रापाशी बसली आणि पोस्टातल्या बाईचं जाकीट मांडीवर घेतलं. समोरच्या खुर्चीकडे हात केला. "बसा."

तो बसला.

"बोला."

"काय बोलू?"

"काहीही. तेव्हा काय मोठं शहाणपणाचं बोलायचो आपण?"

पेंटरने घसा खाकरला. भिंतीचा पांढरा रंग कसा पातळ निघाला आणि दुकानदार कसा पैशाला खोटा आहे, ते त्याने सांगायला घेतलं. ती सुई ओठांत धरून हुंकार देत होती. मग तिने चेनचं गाऱ्हाणं सांगितलं, की हल्लीच्या चेना महिनाभर टिकत नाहीत आणि लोक मात्र दोष शिवणारीला देतात. बोलता बोलता मध्येच पेंटरचा आवाज बसला. ती थांबली नाही. त्याचं अर्धं राहिलेलं वाक्य तिने उचललं आणि पुढे नेलं, आणि थोड्या वेळाने तो पुन्हा बोलू लागला.

आतल्या खोलीत कुणी नव्हतं, हे दोघांनाही माहीत होतं. तरी कुणाची झोपमोड होऊ नये इतक्या हळू आवाजात ती दोघं बोलत राहिली.